देवानं माफ केलं म्हणतोय, मग माझ्या ३८ हजारांचं काय?

पेठेतला_किराणावाला

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक हाय, कुणाच्या धर्माला नावं ठेवायची नाहीत हे आधीच सांगतो, नंतर खाली भांडत बसू नका. मला खरंच समजून घ्यायचंय.

मंगळवार पेठेत आमचं छोटं किराणा दुकान हाय, वडलांच्यापासनं. गल्लीत २४ जणांची भिशी होती, महिन्याला २ हजार. माझा नंबर शेवटून तिसरा, म्हटलं असूंदे, पोरीच्या अ‍ॅडमिशनला एकरकमी मिळतील. १९ हप्ते भरले आणि भिशी चालवणारा गडी एका रात्रीत गायब. मग कळलं की नंबर लागले म्हणून सांगत होता त्यातली पाच-सहा नावं नुसती वहीतच होती, पैसे सगळे ह्याच्याच घशात. माझे ३८ हजार गेले, माझ्यासारखे आणखी चौघं हायेत.

गडी जन्मानं ख्रिस्ती पण चर्चची पायरी चढलेला मी तरी कधी बघितला नव्हता, गुत्त्याची मात्र रोज चढायचा. आता तीन वर्षांनी परत आलाय. दारू सुटलीय, अंगावर इस्त्रीचा शर्ट, रविवारी बायबल काखेत मारून जातो. परवा दुकानात आला, अर्धा किलो साखर घेतली (रोख दिले बरं का, उधार मागायचं धाडस झालं नाही) आणि हात जोडून म्हणाला, दादा, देवानं माझी सगळी पापं माफ केली, मन लई हलकं झालंय, तुम्ही पण मला माफ करा. मी साखरेचं माप हातात धरून तसाच उभा. म्हटलं, बाबा, तुझं मन आत्ता हलकं झालं, माझा गल्ला तीन वर्षांमागंच हलका झालाय!

तवापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझा एक दोस्त शिरोलीला फाउंड्रीत पॅटर्न बनवतो, तो ख्रिस्ती हाय, एकदम सज्जन माणूस. त्याला हे सगळं सांगितलं तर वाद न घालता म्हणाला चल माझ्याबरोबर. गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चात नेलं. दुपारी १२ ते ३, बाहेर ऊन मी म्हणत होतं. क्रुसावर येशू जे सात वेळा बोलला त्यावर सात जण बोलले. पहिलंच वाक्य, हे बापा, त्यांना क्षमा कर. बरं ते एक असूंदे, पण नंतर सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली त्यात आलं की जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. आता मी उधारीच्या वहीवर जगणारा माणूस, ऋण म्हटल्यावर कान टवकारलेच.

तर माझे प्रश्न सरळ हायेत. पैसे माझे बुडाले, मग देवानं परस्पर माफ कसं केलं? त्याचे होते का ते? आणि नुसतं माफी मागून पाप जात असेल तर मग माणूस पापाला भ्यायचा कशाला? आमच्याकडं करावं तसं भरावं. (पंचगंगेत बुडी मारून आलो की झालं म्हणणारे आमच्यात पण हायेत, त्यांना मी हेच विचारतो.) जाणकारांनी सांगा.


पाळकांचा_नातू

दादा, प्रश्न एक नंबर विचारलाय. माझे आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, चर्चच्या आवारातच वाढलो, तरी तुमच्यासारखा रोखठोक प्रश्न आमच्या संडे स्कूलात कुणी विचारला नव्हता.

ऋण शब्दापासनं सुरू करूया. तुम्ही चर्चात ऐकलीत ती प्रभूची प्रार्थना, तिच्यात मत्तयानं (येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांतला एक) जो ग्रीक शब्द वापरलाय त्याचा अर्थच कर्ज, देणं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या चरित्रात, तीच प्रार्थना आहे तिथं पाप म्हटलंय. म्हणजे येशूच्या ऐकणाऱ्यांना पाप म्हणजे देणं हे सरळ कळत होतं. आणि क्षमा ह्याला जो शब्द आहे तो सोडणं, मोकळं करणं असा आहे. मराठीत आपण कर्ज सोडलं म्हणतो ना, तेच.

आता तुमची वही घ्या. समजा एखादं घर आहे, नवऱ्याचं काम सुटलं, ४ हजार उधारी थकली आणि तुम्ही एक दिवस त्या पानावर आडवी रेघ मारली. रेघ मारल्यावर ते ४ हजार गेले कुठं? हवेत गेले का? तेल, डाळ, साबण सगळं त्या घरात गेलंय, होलसेलवाल्याला पैसे तुम्ही दिलेत. म्हणजे कर्ज फिटलंच, फक्त तुमच्या खिशातनं फिटलं. कर्ज सोडणारा तोटा सोसतो, दुसरा मार्गच नाही. ख्रिस्ती लोक वधस्तंभ वधस्तंभ (म्हणजे तोच क्रूस) करतात ते ह्याचसाठी. देव वरून नुसतं जाऊंदे चल म्हणाला असं आम्ही मानत नाही, त्यानं तोटा स्वतःच्या अंगावर घेतला असं मानतो. तो नेमका कसा घेतला ह्यावर दोन हजार वर्षं पंडित भांडतायत, कोण म्हणतं शिक्षा आपल्या जागी भोगली, कोण म्हणतं खंडणी भरून सोडवलं, कोण म्हणतं मरणावर विजय मिळवला. ते जाऊंदे. पण फुकट म्हणजे घेणाऱ्याला फुकट, देणाऱ्याला नाही, एवढ्यावर सगळे एक आहेत.

देवानं परस्पर कसं माफ केलं हा प्रश्न तर बायबलातच विचारलाय हो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार जण एका पक्षाघाताच्या माणसाला खाटेसकट छप्पर उसकटून खाली सोडतात आणि येशू म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली. तिथले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मपंडित, लगेच चिडले, देवाशिवाय कोण पापांची क्षमा करू शकतो म्हणून. त्यांचा मुद्दा बरोबरच होता. माझ्या पायावर कुणी पाय दिला आणि तिसराच म्हणाला जा तुला माफ केलं, तर मी त्या तिसऱ्याला वेडा म्हणेन. येशू तसं म्हणाला त्याचा एकच अर्थ निघतो, की प्रत्येक पापात दुखावला जाणारा एक पक्ष तो स्वतः आहे असा त्याचा दावा होता. तुमचे पैसे बुडवले त्यात तुम्ही दुखावलात आणि ज्यानं तुम्हाला घडवलं तोही दुखावला. त्यानं आपल्या बाजूची रेघ मारली असेल. तुमच्या बाजूची वही तुमच्याकडंच आहे, ती त्यानं फाडलेली नाही.


डोकं_थंड_ठेवा

सगळ्यांचं दुकान सारखंच. पाप करा, पावती फाडा, पुढं चला. कुठं दक्षिणा कुठं दशांश. युरोपात तर पापमुक्तीची सर्टिफिकिटं विकत होते, गूगल करा.


वसईची_सून_कोल्हापुरात

सर्टिफिकिटवाल्या दादांना आधी उत्तर देते, कारण हे आम्हा कॅथलिकांच्या वाट्याला नेहमीच येतं. विकत होते हे खरं आहे, लाज वाटण्यासारखंच होतं, त्यावरच १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं ९५ मुद्दे लिहून काढले आणि चर्च फुटलं. पण कागदावर सुद्धा ते पापाची क्षमा म्हणून नव्हतं, क्षमा झाल्यावर जी शिक्षा भोगायची उरते असं मानतात त्यात सूट म्हणून होतं. विकणाऱ्यांनी लोकांना एवढं बारीक कशाला सांगितलं असेल म्हणा. पुढं ही विक्री कॅथलिक चर्चनंच बंद केली.

आता किराणावाले दादा, आमच्याकडची पद्धत सांगते. आम्ही पाप फादरांसमोर बोलून दाखवतो, कन्फेशन. १२१५ पासून नियम आहे की वर्षातनं एकदा तरी करायचंच, आणि फादर ते मेलं तरी कुणाला सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, कोर्टाला नाही. लोकांना वाटतं आत गेलो, बोललो, बाहेर आलो, कोरी पाटी. तसं नसतं. त्यात मनापासून पस्तावणं, तोंडानं कबूल करणं आणि नुकसान भरून देणं असे तीन भाग आहेत, आणि तिसरा भाग लोक सोयीनं विसरतात.

माझं लहानपणीचं सांगते, हसू नका. नऊ वर्षांची असेन. शेजारच्या मावशींच्या ओट्यावर सुकट वाळत घातलेली असायची, त्यातली मूठमूठ मी आणि भाऊ रोज पळवायचो, चुलीत भाजून खायचो. मावशी मांजराला शिव्या घालायच्या. पहिल्या कन्फेशनला गेले तर जाळीच्या पलीकडं फक्त फादरांचा कान आणि चष्म्याची काडी दिसत होती. घाबरत घाबरत सगळं सांगितलं. मला वाटलं पाच वेळा प्रार्थना म्हण म्हणतील आणि सुटेन. फादर म्हणाले, मावशींना सांगितलंस का? म्हटलं नाही. म्हणाले, मांजराचं नाव आधी मोकळं कर, मग प्रार्थना म्हण! क्षमा त्यांनी तिथंच दिली हं, अडवून नाही धरली, पण जायचं वचन घेऊनच. मावशींच्या दारात उभं राहायला मला दोन दिवस लागले. मावशी हसल्या आणि त्यांनीच ताटलीभर सुकट हातात ठेवली, ते मला जास्त लागलं.

तर तुमच्या त्या माणसाचं मन हलकं झालं असेल, खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण आमच्या फादरांनी त्याला पहिल्यांदा तुमच्याकडंच पाठवला असता, आणि रिकाम्या हातानं नाही.


पेठेतला_किराणावाला

ताई, मांजराचं लई आवडलं. नातू साहेब, वहीची गोष्ट पटली, खरं सांगायचं तर रात्री झोप नाही लागली कारण अशा दोन-तीन रेघा मी मारल्यात, कोविडात. पण ती घरं खरंच अडचणीत होती. ह्यानं तर ठरवून बुडवलेत.

आणि एक. दोस्तानं मला त्या चर्चनंतर एक गोष्ट वाचायला दिली, राजा आणि नोकराची. राजा नोकराचं लई मोठं कर्ज सोडतो आणि तोच नोकर बाहेर जाऊन दुसऱ्याची नरडी धरतो थोड्या पैशासाठी. मग राजा त्याला आत टाकतो. दोस्त काही बोलला नाही पण मला असं वाटलं की हा मलाच सुचवतोय, तू तो नरडी धरणारा. राग आला जरा. चोर तो आणि निर्दयी मी?


पाळकांचा_नातू

मत्तय १८. दोस्तानं मुद्दाम दिली नसेल हो, आमच्याकडं क्षमेचा विषय निघाला की हीच गोष्ट पहिल्यांदा हाताला लागते. पण तिच्यातले आकडे लोक वाचतच नाहीत, तुम्ही दुकानदार आहात म्हणून हिशोब करून दाखवतो.

पहिल्या नोकराचं कर्ज १० हजार तालांत. एक तालांत म्हणजे ६ हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची हजेरी. झाले ६ कोटी दिवस. ५०० रुपये हजेरी धरली तर ३ हजार कोटी रुपये! एका माणसानं रविवार न पाळता काम केलं तरी दीड लाखापेक्षा जास्त वर्षं लागतील. आणि तो नोकर राजाच्या पाया पडून काय म्हणतो, मला थोडी मुदत द्या, सगळं फेडतो. येशूचे ऐकणारे इथं हसले असणार, मला खात्री आहे. राजा मुदत देत नाही, सगळंच सोडतो. दुसऱ्याचं कर्ज १०० दिनार, म्हणजे ह्याच हिशोबानं ५० हजार. ही काही चिल्लर नाही, तुमच्या ३८ हजारांच्या जवळपास आहे. येशूनं ते नुकसान खोटं किंवा फालतू ठरवलेलं नाही, शंभर दिवसांची मजुरी आहे ती. फक्त ३ हजार कोटीच्या शेजारी ठेवून दाखवलीय.

आता ह्या गोष्टीत नरडी धरणारा कोण? ज्याला माझं सगळं माफ झालं हे माहीत आहे तो. तुम्ही तर तसं कुठं म्हणताय, तो म्हणतोय. म्हणजे गोष्ट आधी त्याला लागू होते. ज्याचं एवढं सुटलं त्यानं दुसऱ्याशी कसं वागायचं, हा तिचा विषय. आणि असा माणूस घेणेकऱ्याच्या दारात साखर घ्यायला येत नाही, हिशोब घेऊन येतो.


डोकं_थंड_ठेवा

म्हणजे राजानं आधी माफ केलं आणि मग माफी कॅन्सल केली. देवाची माफी पण टर्म्स अँड कंडिशन्सवाली?


पाळकांचा_नातू

हा प्रश्न आमच्या पाळकांना पण छळतो, खोटं कशाला बोलू. आमच्या प्रॉटेस्टंट लोकांचं म्हणणं की क्षमा कमवता येत नाही, ती कृपा आहे, विश्वासानं घ्यायची. मग ही गोष्ट वाचली की घाम फुटतो. आजोबा सांगायचे ते असं, की मूठ आवळलेली असेल तर हातात काही ठेवता येत नाही. देव द्यायचं थांबवत नाही, पण आवळलेल्या मुठीत ठेवणार कुठं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. गोष्टीत राजा चिडतो, तिथं मूठबीठ काही नाही.


मिरजेची_सिस्टर

सगळं वाचलं. मी नर्स आहे, सिस्टर म्हणजे नन नव्हे. मला जरा कडू बोलायचंय, चालवून घ्या.

ही येशूची सत्तर गुणिले सात वेळा माफ करायची शिकवण बायकांच्या गळ्यात धोंडा बांधल्यासारखी बांधलेली मी घरात बघितलीय. माझ्या थोरल्या बहिणीला तिचा नवरा मारायचा. नुसता हात नव्हे, बेल्ट. ती माहेरी आली की चर्चमधली दोन मोठी माणसं यायची, चहा प्यायची, बायबल उघडायची आणि सांगायची, क्षमा कर बाळ, प्रभूनं नाही का केली. ती परत जायची. तिसऱ्या वेळी तिचं मनगट मोडलं, एक्स-रेचं पाकीट माझ्या हातात होतं आणि तेच दोघं पुन्हा आमच्या बैठकीत. त्या दिवशी आमच्या आईनं, जी आयुष्यात कुणाला वर तोंड करून बोलली नव्हती, त्यांच्यासमोरचा चहाचा ट्रे उचलून आत नेला. बस्. काही बोलली नाही. बहीण परत गेली नाही.

म्हणून सांगते, माफ करणं वेगळं, परत विश्वास टाकणं वेगळं आणि कायदा वेगळा. ह्या तिन्हीची खिचडी केली की मार खाणारा मार खातच राहतो. तुमच्या भिशीवाल्याला तुम्ही उद्या मनातनं माफ केलंत तरी त्याच्या हातात पुन्हा भिशी द्यायची काही गरज नाही आणि पोलिसात तक्रार केलीत तर ते क्षमेच्या विरुद्ध पण नाही. १९९९ ला ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन पोरं गाडीत जाळली, त्यांच्या बायकोनं, ग्लॅडिस बाईंनी, मारणाऱ्यांना माफ केलं असं जाहीर सांगितलं. पण खटला चालला, शिक्षा झाली, जन्मठेप सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिली. कोणी म्हणालं नाही की बाईंनी माफ केलं आता सोडून द्या.

आणि दुसरं टोक पण आहे. इंदूरकडं सिस्टर रानी मारिया होत्या, ह्या मात्र नन. गरीब शेतमजुरांना सावकारांच्या विळख्यातनं सोडवायचं काम करायच्या, म्हणून १९९५ ला त्यांना बसमधनं जाताना भोसकून मारलं. समुंदर सिंग नावाच्या माणसानं. तर त्यांची सख्खी बहीण, तीही ननच, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. तो माणूस पूर्ण बदलला. २०१७ ला इंदुरात रानी मारियांना धन्य (संत ठरवण्याआधीची पायरी) घोषित केलं त्या कार्यक्रमाला तो आला होता. हे मी वाचते तेव्हा दरवेळी गप्प होते. पण लक्षात घ्या, ती स्वतः होऊन गेली. तिला कुणी बैठकीत बसून चहा पीत पीत पाठवलं नव्हतं.


वारकरी_काका

माऊली, मी माळकरी माणूस, मध्ये बोलू का नको असा विचार करत होतो. किराणावाल्यांनी करावं तसं भरावं म्हटलं ते आपल्याकडं आहेच, पण तेवढंच नाही. पांडुरंगाला आपण पतितपावन म्हणतो ते काय उगाच? पडलेल्याला उचलणारा देव आपल्यालाही ठाऊक आहे. संतांनी स्वतःला किती वेळा पापी म्हणवून घेतलंय. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाल्यावर सुद्धा अभंगच लिहायला लागले ते काही उगाच नाही, सूर जुळला असणार.

फरक मला एवढा दिसतो की आपल्याकडं कृपा झाली तरी प्रारब्ध भोगूनच संपवायचं असं बरेच जण मानतात, आणि हे लोक म्हणतात भोग दुसऱ्यानं भोगला. पटो न पटो, पण विचार साधा नाही. मुक्काम पोस्ट वेगळा असला तरी वाटेत गाठ पडते. रामकृष्ण हरी.


पाळकांचा_नातू

काका, रामकृष्ण हरी. टिळकांचे अभंग आम्ही चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गातो, आलात तर ताल तुम्हाला ओळखीचा लागेल.

सिस्टर ताईंना हात जोडून. तुमच्या आईचा चहाचा ट्रे आमच्या सगळ्या पाळकांच्या मीटिंगमध्ये सांगायला पाहिजे.

किराणावाले दादा, एक गोष्ट सांगायची राहिली. योहानाच्या पहिल्या पत्रात क्षमेचं वचन आहे, मराठी बायबलात ते कसं आलंय बघा, जर आपण आपली पापे पदरी घेतली तर. पदरी घेतली! इंग्रजीत तिथं नुसतं कबूल केली असं आहे. आपल्या मराठी भाषांतरकारांनी कुठनं हा शब्द काढला देव जाणे, पण चपखल आहे. पदरी घेणं म्हणजे हे माझं, मीच केलं, ओझं माझं, पदर पसरून मीच घेणार. परिस्थिती अशी होती, दारूनं केलं, सैतानानं केलं असं म्हणत पदर झटकला की ते वचन लागू होत नाही. तुमच्या त्या माणसानं देवानं माफ केलं हे सांगितलं. मी तुमचे १९ हप्ते खाल्ले, खोटी नावं लिहिली, हे त्याच्या तोंडातनं आलं का?


पेठेतला_किराणावाला

नाही आलं. झालं ते झालं दादा, असं म्हणाला.


वसईची_सून_कोल्हापुरात

मग पदरी नाही घेतलेलं. झालं ते झालं म्हणजे आपोआप झालं!

आणि जक्कय विसरू नका कुणी. लूक १९. जकात वसूल करणारा, लोकांना लुबाडून गबर झालेला, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू स्वतःच त्याच्या घरी उतरतो म्हणतो, आधी हिशोब मागत नाही. पण जक्कय काय म्हणतो? माझं हलकं झालं असं नाही म्हणत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. ते ऐकल्यावर येशू म्हणतो आज ह्या घराला तारण, म्हणजे उद्धार, आलं.


पाळकांचा_नातू

चौपट तर जक्कयाचा जोर होता. बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात साधा हिशोब दिलाय, लेवीय ६. फसवून घेतलं असेल तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, आणि ते देवाला अर्पण आणायच्या दिवशीच ज्याचं त्याला द्यायचं. आणि येशू तर डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच टाक, आधी त्याच्याकडं जा. तुमचे पैसे न देता तो रविवारी दानपेटीत टाकत असेल तर ते पण तुमचेच आहेत.


पेठेतला_किराणावाला

मुद्दल ३८ हजार, पाचवा हिस्सा ७ हजार ६००. एकूण ४५ हजार ६००. लगेच काढलं, सवयच हाय.

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी परत लिहितोय कारण काहीतरी घडलं. शनिवारी दुकान बंद करताना मी स्वतःच त्याच्या घराकडं गेलो, दोस्ताला बरोबर घेतला. तुमच्या सगळ्यांचं डोक्यात होतंच. भांडायला नाही गेलो. एवढंच म्हटलं, तू मला माफ करा म्हणालास, पण काय माफ करू ते तूच सांग. एकेक करून. बराच वेळ खाली बघत बसला. त्याची बायको दारात उभी, तिच्यासमोर बोलायला त्याला जड जात होतं ते दिसत होतं, पण ती आत गेली नाही आणि मी पण जा म्हटलं नाही. मग बोलला. सहा खोटी नावं, एकेक नाव घेऊन. त्यातलं एक माझ्या चुलतभावाचं होतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं! राग आला, उठलोच होतो, दोस्तानं गुडघ्यावर हात ठेवला.

आत्ता त्याला एका गोडाऊनला काम लागलंय. १५०० दिले, म्हणाला दर महिन्याला. बाकीच्या चौघांचं पण विचारलं, तर म्हणाला एकेकाच्या दारात जातो, पहिला तुमच्याकडं यायला पाहिजे होतं. मी घरी येऊन वहीत त्याच्या नावाचं नवीन पान काढलं. नावे ३८ हजार, जमा १५००. रेघबीघ काही मारलेली नाही. माफ केलं का म्हणून विचारू नका, मला पण माहीत नाही. मात्र काल आला होता तर पोहे आणि शेंगदाणे दिले आणि मागच्यासारखं छातीत धडधडलं नाही एवढं खरं.


डोकं_थंड_ठेवा

पाचवा हिस्सा धरला का नाही वहीत?


पेठेतला_किराणावाला

नाही. तो मी सोडला. ७६०० चा तोटा माझ्या अंगावर, नातू साहेबांना कळवा.


मिरजेची_सिस्टर

आणि भिशी परत सुरू करायची म्हणाला तर?


पेठेतला_किराणावाला

छे! आता भिशी माझी बायको चालवते.